वाचायला आलो, तर म्हणे लिहू नका

मंडळी, मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. संगणकाशी माझा संबंध टंकण्यापुरता. तरीही आज मी तुमच्याशी संगणकातल्या एका छोट्या, पण ठेच लागल्याशिवाय कळत नाही अशा गोष्टीविषयी बोलणार आहे. ठेच मला लागली आहे, म्हणून.

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही जात्यावरच्या ओव्या गोळा करतो. आमच्या भागात हिंदू बाया ओव्या गायच्या तशा मुसलमान बायाही गायच्या. माझ्या अम्मीच्या ओव्यांत पीरबाबा यायचे, तशी पंढरीची वाटही यायची. त्या पिढीतल्या आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, आठवेल ते वहीत उतरवायचं आणि मग वाचनालयातल्या जुन्या संगणकात भरायचं, असा आमचा उद्योग. माझ्या भाच्यानं त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. ओवी कोणती, कोणी सांगितली, तिनं कोणाकडून ऐकली, जातं कोणत्या गावचं, असे त्यात रकाने.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी वाचन कक्षातल्या एका विद्यार्थ्यानं हा संग्रह उघडायला घेतला, आणि पडद्यावर इंग्रजीत संदेश आला. त्याचा अर्थ असा, की ‘फक्त वाचण्यासाठी असलेल्या माहितीसाठ्यात तुम्ही लिहिण्याचा प्रयत्न करत आहात.’ पोरगं बिचारं म्हणालं, ‘सर, मी कशालाही हात लावला नाही. मला फक्त वाचायचं होतं.’ ते खरंच बोलत होतं. संगणकही खरंच बोलत होता. दोघंही खरे कसे, हे समजून घ्यायला मला आठवडा लागला.

आधी हा माहितीसाठा, म्हणजे डेटाबेस, कसा असतो ते पाहू. बँकेत किंवा रेल्वेच्या आरक्षणात जो डेटाबेस असतो, तो खिडकीमागच्या कारकुनासारखा. कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे. तुम्ही खिडकीवर मागणी करायची, तो आत जाऊन वही काढणार, पाहणार, लिहिणार. तुमचा हात कपाटापर्यंत पोचतच नाही. या कारकुनाला संगणकाच्या भाषेत सर्व्हर म्हणतात.

दुसरा प्रकार असतो तो बिनखिडकीचा. इथे कारकून नाही. जो प्रोग्रॅम आपण चालवतो, त्याच्या पोटातच वही उघडण्याचं आणि लिहिण्याचं कसब बसवलेलं असतं. म्हणून त्याला अंतःस्थापित, एम्बेडेड डेटाबेस म्हणतात. सगळा संग्रह एका फाइलमध्ये मावतो. यातला सर्वांत पसरलेला म्हणजे एसक्यूएलाइट. डी. रिचर्ड हिप या अमेरिकी माणसानं तो लिहिला, पहिली आवृत्ती आली ऑगस्ट २००० मध्ये. त्याच्या जन्माची गोष्ट अशी, की अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी हिप यांचं काम चालू होतं. तिथला प्रोग्रॅम माहितीसाठी एका मोठ्या सर्व्हरवर अवलंबून होता. सर्व्हर बंद पडला, की प्रोग्रॅमही हात वर करायचा. तेव्हा हिप यांना वाटलं, मध्ये कारकून हवाच कशाला? प्रोग्रॅमनं थेट चकतीवरून वाचलं तर? त्यातून हे निघालं.

आज हा एसक्यूएलाइट तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनांत तो असतो. क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर त्यातच तुमचा माग ठेवतात. जगात त्याचे एक लाख कोटींहून जास्त साठे वापरात असावेत, असा त्याच्या कर्त्यांचा अंदाज आहे. आणि हे सगळं फुकट. हिप यांनी त्यावरचा हक्कच सोडून दिला आहे. आज्ञावलीच्या माथ्यावर एरवी कायदेशीर इशारे असतात. इथे त्या जागी चांगलं वागा, क्षमा करा, वाटून खा अशा अर्थाचा एक छोटा आशीर्वाद आहे. मला तर हे वाचून एखाद्या दर्ग्याच्या लंगरची आठवण झाली.

पण कारकून काढून टाकला, की त्याची जबाबदारी कोणावर तरी येतेच. कपाटाला आता थेट तुमचा हात लागतो. मग प्रश्न येतो परवान्यांचा.

वाचनालयातला संगणक लिनक्सवर चालतो. त्या पद्धतीत प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसं असतात. एक मालक, दुसरा त्याचा गट, तिसरे इतर सगळे. आणि परवाने तीन. वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज करून तीन आकडे लिहायचे. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, गटाला आणि इतरांना फक्त वाचता येईल. आमच्या संगणकावर दोन खाती होती. एक कर्मचाऱ्यांचं, दुसरं वाचन कक्षाचं. ओव्यांची फाइल कर्मचाऱ्यांच्या खात्याची, आणि आकडा ६४४. वाचकांनी वाचावं, बदलू नये. सरळ हिशेब.

सुरुवातीला कॉलेजच्या दोन मुली टंकायला मदत करायच्या. त्या वाचन कक्षाच्या खात्यातून बसायच्या. त्यांना लिहिता यावं म्हणून मी भाच्याला फोन केला. त्यानं सांगितलेली आज्ञा मी जपून टंकली आणि त्या एका फाइलवर सर्वांना लिहिण्याचा परवाना दिला. तरी संगणक ऐकेना. साठवायला गेलं की नकार. हा नकार एसक्यूएलाइटच्या आवृत्तीप्रमाणे वेगवेगळ्या शब्दांत येतो. जुन्या आवृत्त्या म्हणतात, फाइल उघडता येत नाही. नव्या म्हणतात, साठा फक्त वाचण्यासाठी आहे. दोन्ही ऐकून माणूस फाइलकडेच पाहत बसतो, आणि फाइल तर सताड उघडी.

मी भाच्याला म्हटलं, ‘अरे, परवाना दिला की!’

तो हसला. ‘मामू, तुम्ही वहीत लिहायचा परवाना दिलात. कपाटात नवा कागद ठेवायचा दिला नाहीत.’

इथे खरी मेख आहे. फाइलचे परवाने वेगळे आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरचे वेगळे. फोल्डरवर लिहिण्याचा परवाना म्हणजे त्यात नवी फाइल निर्माण करणं, असलेली काढून टाकणं, नाव बदलणं. एखाद्या फाइलमध्ये तुम्हाला एक अक्षर लिहिता येत नसेल, पण फोल्डरवर हक्क असेल, तर ती फाइल साधारणपणे तुम्ही पुसून टाकू शकता. आणि उलट, फाइल पूर्ण तुमची असली तरी फोल्डर बंद असेल, तर तिच्या शेजारी चिठ्ठीसुद्धा ठेवता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ओवी लिहायला शेजारी चिठ्ठी हवी कशाला?

जुन्या पेढीवरचा एखादा सावध दिवाणजी डोळ्यांपुढे आणा. त्याला खातेवहीचं एक पान दुरुस्त करायचं आहे. तो आधी त्या पानावर जे आहे ते कोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतो. मग वहीतलं पान बदलतो. मध्येच दिवा गेला, पान अर्धंच बदललं, तरी घाबरायचं कारण नाही. कागदावरचा जुना मजकूर परत वहीत उतरवायचा, की वही होती तशी. आणि दुरुस्ती नीट पार पडली, तर तो कागद फाडून टाकायचा.

एसक्यूएलाइट नेमकं हेच करतो. त्या कागदाला तो जर्नल म्हणतो. फाइलचं नाव जे असेल त्याच्यापुढे आडवी रेघ देऊन ‘जर्नल’ हा शब्द लागतो, आणि ही जोडफाइल त्याच फोल्डरमध्ये तयार होते. काम झालं की नाहीशी होते. ती इतकी क्षणभर असते, की बहुतेकांना ती कधी दिसतच नाही. व्यवहार पुरा झाला हे ठरतं तेही ती पुसली जाते त्या क्षणी. जर्नल शिल्लक असेल तर व्यवहार अपुरा, ते रद्द करून मागे जायचं. जर्नल नसेल तर व्यवहार पुरा. त्या मुलींना नकार मिळाला तो यामुळे. वही खुली होती, पण जर्नल ठेवायला कपाटात जागा नव्हती. आणि जर्नलशिवाय पानाला हात लावायचा नाही, हा दिवाणजीचा नेम.

भाच्यानं त्या वेळी सोपा मार्ग काढला. दिलेला परवाना परत घेतला आणि टंकण्याचं काम फक्त कर्मचाऱ्यांच्या खात्यातून करायचं ठरलं. वाचकांनी वाचायचं. काही महिने सगळं सुरळीत चाललं.

मग ती संध्याकाळ आली. मी बसून चाळीसेक ओव्या भरल्या होत्या. ओव्या वहीत होत्याच. पण कोणी कोणाकडून ऐकली, कोणत्या गावची, हे मी त्या बायांना फोनवर विचारत होतो आणि थेट पडद्यावर टंकत होतो. प्रोग्रॅमची रीत अशी, की सगळं भरून झाल्यावर एकदाच साठवायचं. मी कळ दाबली. यंत्र जुनं, चकती कुरकुरत होती. तेवढ्यात वीज गेली. यूपीएसच्या बॅटरीनं कधीच मान टाकलेली होती. मी म्हटलं, उद्या पाहू, आणि छत्री घेऊन घरी आलो.

चकतीवर त्या वेळी काय होतं? अर्धी पानं नवी, अर्धी जुनी अशी वही, आणि शेजारी इमानानं थांबलेलं जर्नल. यात काहीही बिघडलेलं नव्हतं. सकाळी पहिल्यांदा कर्मचाऱ्यांच्या खात्यातून कोणी संग्रह उघडला असता, तर एसक्यूएलाइटनं जर्नल पाहिलं असतं, जुनी पानं वहीत परत ठेवली असती, जर्नल पुसलं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. माझं त्या संध्याकाळचं टंकणं गेलं असतं, बाकी सगळं सुखरूप.

पण पहिला आला तो विद्यार्थी, वाचन कक्षाच्या खात्यातून. त्याला वाचायचं होतं. एसक्यूएलाइटनं शेजारी जर्नल पाहिलं. म्हणजे वही अर्धवट, ती आहे तशी वाचायला देणं म्हणजे खोटं वाचायला देणं. आधी दुरुस्ती हवी. दुरुस्ती म्हणजे लिहिणं. लिहिण्याचा परवाना या खात्याला नाही. म्हणून तो संदेश, लिहिण्याचा प्रयत्न होत आहे. कोडं सुटलं. वाचणाऱ्यालाही कधीकधी लिहिण्याचा हक्क लागतो, तो वाचण्याआधी वही सांधण्यासाठी.

आमच्या ग्रंथपाल बाई नेटक्या. तक्रार ऐकून त्यांनी कर्मचाऱ्यांच्या खात्यातून फोल्डर उघडलं. तिथे एक अनोळखी फाइल. कालपर्यंत नव्हती, म्हणजे हिच्यामुळेच अडलं असणार. त्यांनी ती काढून टाकली. खरं तर तर्क बिनचूक होता, अडलं होतं ते तिच्यामुळेच. पण गळणाऱ्या छपराखाली ठेवलेलं घमेलं उचलावं, तसं झालं. संग्रह उघडायला गेल्या तर नवा संदेश, साठा विस्कटलेला आहे. आता जुनी पानं परत आणायला काहीच नव्हतं.

मी बाईंना दोष देत नाही. ती फाइल काय आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं माझं काम होतं, आणि मलाही ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

भाच्यानं दोन रात्री बसून मोडक्या फाइलमधून सापडेल ते वेचून काढलं. त्यासाठी एसक्यूएलाइटबरोबर एक साधन येतं, ते मोडक्या पानांतूनही शाबूत ओळी उचलतं. बराचसा संग्रह परत आला. ओव्या तर वहीतही होत्या. गेल्या त्या काही नोंदी, कोणाकडून ऐकली आणि गाव कोणतं याच्या. त्या पुन्हा विचारता आल्या. एक सोडून. त्या आजी ज्यांनी मला फोनवर तासभर एकेका ओवीचं माहेर सांगितलं, त्या दरम्यान गेल्या होत्या.

म्हणून हे बोलणं. असा छोटा डेटाबेस आज दुकानांत, दवाखान्यांत, पतपेढ्यांत, शाळांत कुठेही असू शकतो, आणि परवान्यांची अडचण आली की लोक तीन चुकीचे उपाय करतात.

पहिला उपाय, सगळं सर्वांना खुलं करणं, आकडा ७७७. काम लगेच चालू होतं, म्हणून मोह होतो. पण मग कोणीही, कोणताही प्रोग्रॅम, ती फाइल बदलू किंवा पुसू शकतो. किल्ली हरवते म्हणून दारच काढून ठेवण्यातला हा प्रकार.

दुसरा उपाय, जर्नल चकतीवर न ठेवता संगणकाच्या स्मृतीत ठेवायला सांगणं, किंवा ठेवूच नको म्हणणं. अशी सोय एसक्यूएलाइटमध्ये आहे, आणि मग फोल्डरचा परवानाही लागत नाही. पण वीज गेली की स्मृती गेली, स्मृतीबरोबर जर्नल गेलं. ज्या गावात वीज जाते, तिथे हा उपाय करू नये.

तिसरा उपाय, फाइल कायमची न बदलणारी आहे असं एसक्यूएलाइटला शपथेवर सांगणं. मग तो जर्नल पाहत नाही, कुलूपही घालत नाही. सीडीवर घालून दिलेल्या शब्दकोशासाठी हे योग्य आहे. पण मागून कोणी त्यात भर घालत असेल, तर वाचणाऱ्याच्या हाती चुकीचं काहीतरी पडू शकतं.

२०१० साली एसक्यूएलाइटमध्ये आणखी एक पद्धत आली. तिच्यात जुनं पान उतरवून घेण्याऐवजी नवा मजकूरच आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहितात आणि सवडीनं मूळ वहीत मिळवतात. वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत, हा तिचा फायदा. पण शेजारी एकाऐवजी दोन फाइली येतात, आणि नुसतं वाचणाऱ्यालाही त्या लागतात. बंद फोल्डरमध्ये ही पद्धत सुरुवातीला चालतच नसे. २०१८ च्या आवृत्तीपासून, त्या दोन फाइली आधीच तिथे असतील तर वाचता येतं. म्हणजे फोल्डरचा प्रश्न इथेही सुटत नाही.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथे प्रोग्रॅम ठेवायच्या मुख्य फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. व्हिस्टा ही आवृत्ती २००७ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमनं तिथे लिहायचा प्रयत्न केला, तर विंडोज त्याला नकार न देता गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी कोपऱ्यात प्रत काढून देतं. परिणाम असा, की एकाच यंत्रावर दोन माणसांना दोन वेगळे संग्रह दिसतात आणि दोघंही म्हणतात, माझ्या नोंदी कुठे गेल्या?

मग योग्य काय? धडा फोनकडून घ्यावा. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतंत्र रहिवासी मानतो, त्याला त्याची एक खोली देतो. शेजारच्या खोलीत त्याला पाऊल टाकता येत नाही, पण स्वतःच्या खोलीत तो फाइल मांडू, मोडू, पुसू शकतो. बंधनं कडक आहेत, आणि त्या कडक बंधनांत हा डेटाबेस सुखानं चालतो. बंधन वाईट नाही. माहितीला स्वतःचं घर हवं, इतकंच.

आम्ही आता तेच केलं आहे. प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये, त्याला कोणी हात लावत नाही. ओव्यांचं फोल्डर वेगळं. टंकणाऱ्यांना प्रत्येकी स्वतःचं खातं, सगळ्यांचा मिळून एक गट, आणि फोल्डर आणि फाइल दोन्हींवर त्या गटाला लिहिण्याचा परवाना, बाहेरच्याला काहीच नाही. फोल्डरला अशी खूण केली आहे, की त्यात तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या गटाची होते. नाहीतर एकीनं मागे ठेवलेलं जर्नल दुसरीला वापरता येत नाही.

वाचन कक्षासाठी रोज रात्री एक वेगळी प्रत निघते. ती फाइल नुसती उचलून ठेवलेली नसते. चालू कामाच्या मध्येच फाइल कॉपी केली, आणि जर्नल मागे राहिलं, तर ती प्रतही मोडकीच निघते. एसक्यूएलाइटची स्वतःची प्रत काढायची आज्ञा आहे, ती सगळं जुळवून पूर्ण वही देते. वाचक ती प्रत वाचतात. तिच्यात कोणी लिहीत नाही, म्हणून तिच्याशेजारी अर्धवट जर्नल कधी उरत नाही, आणि वाचणाऱ्याला लिहू नका असं कोणी सांगत नाही. शिवाय यूपीएसची बॅटरी बदलली. तिचे पैसे वर्गणीतून काढले. प्रोग्रॅमही आता प्रत्येक ओवी भरली की तिथल्या तिथे साठवतो.

संगणकाच्या वर बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे. ‘नावाच्या शेवटी जर्नल असलेली फाइल दिसली, तर काढू नये. आधी कर्मचाऱ्यांच्या खात्यातून संग्रह एकदा उघडून पाहावा.’ तुमच्याकडे असा काही संग्रह असेल, तर एवढी एक ओळ तुम्हीही लिहून ठेवा. अनोळखी फाइल कचराच असते असं नाही.

त्या आजींच्या ओव्या संग्रहात आहेत. त्यांच्यापुढचा ‘कोणाकडून ऐकली’ हा रकाना मात्र कोरा आहे. भाचा म्हणाला, ‘मामू, तिथे अज्ञात असं टाकू का?’ मी नको म्हटलं. अज्ञात नव्हतंच ते. त्यांनी मला सांगितलं होतं.